होडी तुझी, समुद्र सगळ्यांचा

चि. झिला,
अनेक आशीर्वाद.

होडीवर जनरेटर नि एलईडी दिवे चढवून पर्ससीनवाल्यांसाठी, म्हणजे त्या मोठ्या घेर जाळ्यांच्या बोटींसाठी, मासळी गोळा करायला मी नको म्हटलं, त्याचा तुला राग आला. ‘होडी माझी, कर्ज माझां, मगे तुमका काय पडलाहा?’ असं विचारलंस. प्रश्न रास्त आहे, म्हणून बसून लिहितो आहे.

तू कोणाशी लग्न करावंस, मालवणात राहावंस की मुंबईला जावंस, देवळात जावंस की नाही, यात गावाने पडू नये. त्यावरून उद्या भावकीने तुला वाळीत टाकायचं ठरवलं, तर मी तुझ्या बाजूने उभा राहीन. आपल्या कोकणात, विशेषतः रायगडात, अशी किती घरं पोळली! त्यातूनच २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आला. ‘जबाबदारी’ म्हणत पोरांची तोंडं बंद करणारी माणसं मला कधीच पटली नाहीत.

पण दिव्यांचं तसं नाही. काळोखात समुद्रावर लख्ख उजेड पाडला की मासा त्याकडे ओढला जातो, आणि पर्ससीनचं जाळं आख्खा थवा घेरून तळातून आवळतं. त्यात बोटभर बांगडेही जातात, अजून अंडी न घातलेले. त्या रात्री तुझ्या हातात पैसे येतील. पण किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांच्या वाट्याला जे येणार होतं, ते तू त्यांना न विचारता उचललेलं असेल. केंद्राने २०१७ मध्ये एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली ती उगाच नाही.

रापण तू लहानपणापासून बघतोस. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरते, मग दोन्ही टोकांना माणसं दोर धरून पाय वाळूत रोवतात. हाताला घट्टे पडलेला म्हातारा असतो, शाळा सुटल्यावर आलेला पोरही असतो. ज्याने दोराला हात लावला त्याला मासळी मिळते. रापणीत सगळं गोड असतं असं मी म्हणत नाही, वाट्यावरून भांडणं होतातच. पण तिथे ज्याचं नुकसान होतं तो समोर उभा राहून भांडू शकतो. तुझ्या दिव्यांनी ज्याचं नुकसान होईल तो त्या रात्री घरी झोपलेला असेल.

आणि स्वतःचाही विचार कर. तुझ्यापेक्षा मोठा जनरेटर घेऊन कोणीतरी येणारच. तेव्हा तूच विचारशील, कायदा कुठे गेला?

हप्ते थकल्याचं तू लिहिलं नाहीस, पण मला कळलं आहे. खरी अडचण तीच असेल तर दिवे हा उपाय नव्हे. सोमवारी कर्जाचे कागद घेऊन ये. मुदत वाढवून मागायला मी तुझ्याबरोबर बँकेत येतो.

तुझा,
काका