'माहितगार', 'उत्तरदाता' की 'सहभागी'?

प्रश्न: रुग्णालयात राहून केलेल्या एथनोग्राफीच्या (लोकांमध्ये मिसळून केलेल्या अभ्यासाच्या) अहवालात, ज्यांचे निरीक्षण केले आणि ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांना काय म्हणावे?

सगळ्यांना एकच शब्द लावू नये. ठरलेली प्रश्नावली भरून घेतली असेल तर 'उत्तरदाता' नेमका आहे. 'माहितगार' हा मानवशास्त्रातला जुना शब्द. त्यात जाणतेपणाचा मान आहे, पण 'खबऱ्या'ची छटाही आहे. परिचारिकेने वरिष्ठांविषयी काही सांगितले असेल, तर ती छटा तिला महागात पडेल.

खरी अडचण 'सहभागी'ची. वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याने २०२४ च्या सुधारणेत 'subject'ऐवजी 'participant', म्हणजे 'सहभागी', हाच शब्द स्वीकारला, हे चांगलेच झाले. मात्र 'सहभागी निरीक्षण' या संज्ञेत सहभागी असतो तो संशोधक! दोन्ही शब्द एका परिच्छेदात आले की कोण कोणाला पाहत होते तेच कळत नाही. तिथे 'संशोधकाने सामील होऊन केलेले निरीक्षण' असे सरळ लिहावे.

दुसरी अडचण अधिक गंभीर. ज्ञान मिळवणारा समाजाबाहेर उभा नसतो, हे जर्मन तत्त्वज्ञ माक्स होर्कहायमर यांनी १९३७ च्या निबंधात मांडले. समाजातल्या सत्तेची चिकित्सा करणाऱ्या 'चिकित्सक सिद्धांता'चा (critical theory) तो पाया. म्हणजे संशोधकही वॉर्डातल्या अधिकाराच्या उतरंडीबाहेर नसतो. वॉर्डप्रमुखाने परवानगी दिली म्हणून खाटेवरची बाई 'सहभागी' होत नाही. तिला अभ्यासाची कल्पना होती का? नकार देता येत होता का? नंतर माघार घेता येत होती का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल तरच हा शब्द वापरावा. एरवी 'निरीक्षणात आलेली व्यक्ती' म्हणावे आणि तिचे बोलणे अवतरणात देऊ नये. पहिल्या दिवशीची सही पुरत नाही. ध्वनिमुद्रण सुरू करताना, तपासणीच्या वेळी तिथे हजर राहताना पुन्हा विचारावे लागते.

'रुग्ण' हा शब्द आजाराविषयी लिहितानाच ठेवावा. संमतिपत्रात तो सारखा आला की संशोधन हा उपचारच आहे, असा समज होतो. म्हणून पहिलीच ओळ अशी हवी: 'हा उपचाराचा भाग नाही, नकार दिलात तरी उपचार तसेच चालू राहतील.'

नावाऐवजी 'सहभागी ७, स्त्री, ४२, डायलिसिस' असे लिहिले तरी लहान वॉर्डात ती कोण हे कर्मचारी लगेच ओळखतात. वयाऐवजी वयोगट द्यावा, आणि मुद्द्याला गरज नसेल तर उपचाराचा उल्लेखही गाळावा.