सहलीतला स्वयंपाक आणि तुझ्या तक्त्यातला न लिहिलेला रकाना

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा खर्चाचा तक्ता, दोन्ही सावकाश वाचले. आजी, आई-बाबा, काकू आणि धाकटी बहीण यांना स्वतःच्या कमाईतून डिसेंबरात चार रात्रींसाठी दापोलीजवळ समुद्रकाठी न्यायचे तू ठरवलेस, याचा मला फार आनंद झाला. सहा माणसांच्या हॉटेलातल्या जेवणाचा खर्च झेपणार नाही, म्हणून स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे आणि स्वतः रांधून खावे, हा तुझा विचारही योग्य आहे. त्यात कोणी कमीपणा मानण्याचे कारण नाही. शिधा बरोबर घेऊन प्रवासाला निघणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि पंढरीच्या वाटेवर दिंड्यांचा स्वयंपाक आजही मुक्कामाच्या ठिकाणीच होतो.

मात्र तुझ्या तक्त्यात एक रकाना राहून गेला आहे. ‘न्याहारी घरी’ आणि ‘रात्रीचे जेवण घरी’ असे लिहून पुढे तू फक्त किराण्याचे पैसे मांडले आहेस. हा स्वयंपाक कोण करणार, हे कुठेही लिहिलेले नाही, आणि आपल्या घरांमध्ये ते लिहिले नाही की काम कोणाच्या वाट्याला जाते हे तुला वेगळे सांगायला नको. तुझी आई नोकरी सांभाळून सकाळचे डबे करते. तिनेच परक्या घरात, बोथट सुरीने कांदे चिरत, सहा जणांचे पोहे करायचे आणि बाकीच्यांनी तोवर किनाऱ्यावर फिरून यायचे असे ठरणार असेल, तर तू वाचवलेले पैसे वाचलेले नाहीत. ते तिच्या सुटीतून वळते केलेले आहेत. म्हणून माझी पहिली अट अशी की या चार दिवसांत स्वयंपाक तू, बाबा आणि बहीण यांनी करावा, आणि ही गोष्ट निघण्यापूर्वी सर्वांसमोर मोकळेपणाने बोलून ठरवावी. आई आणि काकू ‘आम्ही करतो पटकन’ म्हणतीलच. त्यावर तुझ्याकडे ठाम उत्तर हवे, आणि ते ठाम राहण्यासाठी तुला चार पदार्थ खरोखर यायला हवेत. घरच्यांना काय आवडते यावरून बेत ठरवू नकोस; तुम्हा तिघांना न विचारता, न फोन करता काय करता येते, त्यावरून ठरव.

दुसरी गोष्ट, सगळी जेवणे घरी करण्याचा मोह धरू नकोस. सोयीसाठी काही आकडे धरून पाहू. तिथले खरे दर तू फोन करून विचार आणि यांच्या जागी घाल. बाहेर माणशी न्याहारीचे ८० रुपये आणि दोन्ही जेवणांचे प्रत्येकी २५० रुपये धरले, तर सहा जणांचे दिवसाला ३,४८० रुपये होतात. न्याहारी घरी ३० रुपयांत, रात्रीचे जेवण घरी ६० रुपयांत आणि दुपारची थाळी बाहेर २५० रुपयांना असे केले, तर तोच खर्च २,०४० रुपयांवर येतो. दिवसाला १,४४० प्रमाणे चार दिवसांत ५,७६० रुपये राहतात. स्वयंपाकघरासाठी घरमालकाने रोजचे ४०० रुपये जास्त घेतले, तरी ४,१६० रुपये हातात उरतात. दुपारही घरी केलीस तर दिवसाला आणखी हजारभर रुपये वाचतील हे खरे, पण त्यासाठी हिंडणे अर्ध्यावर सोडून मुक्कामी परतावे लागेल, गाडीचे भाडे आणि वेळ दोन्ही जातील, आणि दुपारचे ऊन उतरेपर्यंत तुम्ही ओट्यापाशी उभे असाल. शिवाय कोकणात जाऊन तिथल्या घरगुती खाणावळीतली सोलकढी आणि आमटी-भात न खाता परत येणे मला तरी पटत नाही. न्याहारी आणि रात्रीचे जेवण घरी, दुपार बाहेर, एवढ्यावर थांब.

आता घराविषयी. ‘किचन आहे’ या शब्दांवर आगाऊ रक्कम पाठवू नकोस. कोकणात निवास व न्याहारी देणारी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचे उत्पन्न खोलीपेक्षा जेवणावर चालते. अशा ठिकाणी पाहुण्याने वेगळी चूल मांडणे मालकांना रुचत नाही, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नसते. म्हणून फोनवर स्पष्ट विचार की गॅसची जोडणी आहे की फक्त विजेची शेगडी, कुकर किती लिटरचा आहे, तवा, कढई, सुरी आणि झाकणे आहेत का, फ्रिज आहे का, पिण्याचे पाणी कुठून येते, आणि भांडी कोणी घासायची. मासे शिजवलेले चालतात का, हेही आधीच विचारले पाहिजे, कारण अनेक घरांत ते चालत नाहीत आणि पिशवी हातात घेऊन दारात उभे राहिल्यावर हे कळणे दोन्ही बाजूंना अवघड जाते. भांडी घासायला गावातल्या कोणाची मदत मिळणार असेल तर ती पैसे देऊन अवश्य घे. त्या खर्चाला मी उधळपट्टी म्हणणार नाही.

तू लिहिले आहेस की ऐनवेळी अडचण नको म्हणून घरातला लहान गॅस सिलिंडर आणि शेगडी बरोबर नेऊ. तुम्ही खेडपर्यंत रेल्वेने जाणार आहात, त्यामुळे हा विचार आजच मनातून काढून टाक. रेल्वेच्या डब्यात गॅस सिलिंडर किंवा रॉकेल नेणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्यातील कलम १६४ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याचे बाजूला ठेव, पण २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाजवळ काय झाले ते लक्षात ठेव. लखनऊहून निघालेल्या यात्रेकरूंच्या उभ्या असलेल्या डब्यात, लपवून आणलेल्या सिलिंडरमुळे पहाटे आग लागली आणि नऊ माणसे गेली. तीही तुमच्यासारखीच घरचे खाऊ-पिऊ म्हणून शिधा घेऊन निघालेली माणसे होती. बचतीच्या कोणत्याही हिशेबात ही जोखीम बसत नाही.

स्वयंपाकघर असलेले घर मिळालेच नाही आणि साध्या खोलीत राहावे लागले, तर मालकांना विचारून विजेचा लहान राइस कुकर ने, इंडक्शन शेगडी नको. त्याचे कारण साधे आहे. खोलीतला नेहमीचा प्लग सहसा ६ अँपिअरचा असतो, आणि २३० व्होल्टवर त्यातून सुमारे १,३८० वॅटपर्यंतच वीज घेणे सुरक्षित असते. इंडक्शन पूर्ण आचेवर २,००० वॅटपर्यंत वीज घेते, म्हणून तिला १६ अँपिअरचा मोठा प्लग लागतो. लहान प्लगला अडॅप्टर लावून ती चालवली तर तारा तापतात, प्लग वितळतो किंवा निदान घराचा मेन स्विच पडतो. राइस कुकर मात्र बहुधा ७०० वॅटच्या आतबाहेर चालतो. त्यात भात, खिचडी, उपमा आणि उकडलेली अंडी होतात, आणि त्याच्यापाशी उभे राहावे लागत नाही.

काय न्यायचे याची तुझी यादी फार लांब आहे. तांदूळ, साखर, कांदे-बटाटे, तेल, दूध, पाव, अंडी हे सारे दापोलीच्या बाजारात मिळते. ते पुण्याहून वाहून नेऊ नकोस. घरून न्यावे ते तयार केलेले आणि मोजलेले असावे. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, भाजलेला रवा, हळद-तिखट-मोहरी-हिंग लहान डब्यांत, आणि आपली एक धारदार सुरी. तांदळाचे पीठ, कुळथाची पिठी आणि कोकमाचे आगळ तिथेच घे, ते तिथलेच चांगले. पोळ्यांच्या बाबतीत माझे मत अगदी पक्के आहे, सहलीत पोळ्या लाटू नयेत. सहा जणांच्या पोळ्या म्हणजे कणीक भिजवण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत तास-सव्वा तास जातो, आणि ते काम अखेर आईकडेच जाते. पोळ्या किंवा तांदळाच्या भाकऱ्या घरमालकीणबाईंना किंवा गावातल्या एखाद्या बचत गटाला सकाळी सांगून विकत घे. त्यांना चार पैसे मिळतील आणि तुम्हाला मऊ भाकरी मिळेल.

पहिल्या रात्रीसाठी खिचडी ठरव, कारण प्रवासाने सगळे दमलेले असतील. तिचे माप नीट सांगते. साधारण दीडशे मिलिलिटरची वाटी धरून तीन वाट्या तांदूळ आणि दीड वाटी मुगाची डाळ घरीच एका पिशवीत एकत्र कर. दुसऱ्या पुडीत दोन चमचे गोडा मसाला, हळद आणि मीठ बांध. तिथे पोहोचल्यावर डाळ-तांदूळ धुऊन, सर्वांच्या आंघोळी होईपर्यंत अर्धा तास पाण्यात ठेव. मग कुकरमध्येच तेल तापवून मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि उभा चिरलेला कांदा परत, निथळलेले डाळ-तांदूळ दोन मिनिटे हलव, पुडीतला मसाला घाल आणि बारा वाट्या गरम पाणी ओत. पाच लिटरचा कुकर असेल तर हे सारे त्यात जेमतेम निम्म्यापर्यंत येते, आणि डाळ-तांदूळ शिजवताना कुकर निम्म्याहून अधिक कधीही भरू नये, कारण फेस वर येऊन शिट्टीचे भोक बुजते. कुकर तीन लिटरचा निघाला तर दोनदा लाव किंवा सरळ मोठ्या पातेल्यात झाकण ठेवून शिजव. परक्या घरातला कुकर वापरण्याआधी शिट्टीखालचे भोक उजेडात धरून मोकळे आहे ना ते पाहा, आणि रबर कडक होऊन चिरलेले नाही ना तेही तपास. तीन शिट्ट्यांनंतर आच बंद कर आणि वाफ आपोआप जिरू दे. सोबत पापड आणि लोणचे पुरे आहे.

एका रात्री मासे कर. दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर संध्याकाळी माशांचा लिलाव भरतो, आणि तो आजीलाही दाखवण्याजोगा आहे, फक्त ओल्या वाळूतून तिचा हात धरून चाला. मोठ्या टोपल्यांच्या बोलीत पडू नकोस. बाजूला मासे विकायला बसलेल्या बायांकडून बांगडे किंवा मांदेली घे आणि पैसे देऊन तिथेच साफ करून घे. कल्ला लालभडक असावा, डोळा फुगीर आणि चकचकीत असावा, बोटाने दाबले तर मांसात खळगा राहू नये. सुरमई आणि पापलेटचा भाव सुटीच्या दिवसांत चढा असतो. बांगडा स्वस्त असतो, आणि चवीला मी तो त्यांच्या खाली मानत नाही. हळद, मीठ, तिखट आणि आगळ लावून अर्धा तास ठेव, तांदळाच्या पिठात घोळव आणि तव्यावर मध्यम आचेवर भाज. आजी मासे खात नाही, तेव्हा तिच्यासाठी आधी वेगळ्या भांड्यात कुळथाची पिठी करून झाकून ठेव. लसणाची फोडणी, पाणी, त्यात गुठळ्या न होऊ देता कालवलेले कुळथाचे पीठ आणि एक-दोन आमसुले, एवढेच तिला लागते. दहा मिनिटांत होते आणि भाताबरोबर आजीला निश्चित आवडेल.

तिसऱ्या रात्री थालीपीठ आणि दही चालेल. चौथ्या रात्रीचे जेवण मात्र घरमालकीणबाईंकडून मागव आणि त्याचे पैसे आजच तक्त्यात लिहून ठेव. शेवटच्या रात्री सामान बांधायचे असते, ओटा आवरून द्यायचा असतो, आणि तुम्हा तिघांनाही एक संध्याकाळ मोकळी हवी.

उरलेल्या अन्नाबाबत तुला लोभ सुटेल, कारण पैसे वाचवायला निघालेल्या माणसाला टाकणे जड जाते. तरीही शिजलेला भात दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नकोस. फ्रिज असेल तर पसरट भांड्यात लवकर गार करून आत ठेव आणि सकाळी फोडणीचा भात कर, फ्रिज नसेल तर तेवढाच लाव जेवढा संपेल. किनाऱ्यावरच्या दमट हवेत अन्न घरच्यापेक्षा लवकर आंबते, आणि आजीचे पोट बिघडले तर डॉक्टरांकडच्या एका फेरीत सगळी बचत जाईल.

निघण्याआधीच्या दोन रविवारी ही खिचडी आणि पिठी घरी तुम्ही तिघांनी करून पाहा, आईला त्या वेळी बाहेरच्या खोलीत बसव, आणि मापे तुमच्या वाटीप्रमाणे दुरुस्त करून घे. घराचा फोन झाला की गॅस आणि कुकरविषयी काय उत्तर मिळाले ते मला कळव, म्हणजे बेतात काही बदलायचे असेल तर वेळेत बदलता येईल. आजीला माझा नमस्कार सांग.

तुझी,
बाई