काळं अंडरकोटिंग की पावडर कोटिंग?

प्रश्न: माझी २०१४ ची बोलेरो आहे. घर मालवणात, अगदी समुद्रालगत. मागे बर्फातली मासळी न्यावी लागते, तिचं पाणी खाली झिरपतं. चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि लोअर आर्म (चाकाला चासीशी जोडणारा खालचा दांडा) यांवर गंजाचे पोपडे आलेत. मेस्त्री म्हणतात, काळं अंडरकोटिंग मारून घ्या. मुलगा म्हणतो, सगळं खोलून पावडर कोटिंग करू. स्प्रिंगाही द्याव्यात का? (एक वाचक, मालवण)

उत्तर: एकच कोटिंग सगळीकडे चालणार नाही. प्रत्येक भागाचं काम वेगळं, तसा त्याचा लेपही वेगळा.

काळं अंडरकोटिंग म्हणजे डांबराचा किंवा रबराचा जाड थर. स्वच्छ, रंगवलेल्या लोखंडावर तो उत्तम, उडणाऱ्या खडीचा मार झेलतो. पण पोपड्यांवर मारलात तर आत अडकलेलं मीठ ओल धरून ठेवतं आणि गंज झाकणाखाली वाढत राहतो. म्हणून आधी लहान हातोडीने चासी ठोकत जा. खणखणीत वाजली तर ठीक. आवाज बद्द आला, खपल्या गळल्या, तर तिथे टोच्या रेटून बघा. आत घुसला तर कोटिंगचा प्रश्नच उरत नाही, तिथे वेल्डिंग लागणार. पाट्यांची (मागच्या लीफ स्प्रिंगांची) शॅकल, म्हणजे त्यांना चासीशी जोडणारी कडी, आणि सस्पेन्शनचे ब्रॅकेट यांच्या आसपास तर फार बारकाईने बघा.

चासी शाबूत निघाली तर गोड्या पाण्याने भरपूर धुवा आणि पूर्ण वाळू द्या. कोकणात हे काम दिवाळीनंतरच काढावं. वायर ब्रशने सुटा गंज काढा, खड्ड्यांत उरलेल्यावर रस्ट कन्व्हर्टर (गंजाचं स्थिर थरात रूपांतर करणारं रसायन) लावा, डब्यावर लिहिलंय तसं त्याचं अ‍ॅसिड धुऊन वाळवा. मग दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर मेस्त्रींचं काळं कोटिंग. बंद पोकळ्यांत मात्र ते नको. तिथे नळीने मेणाचं कॅव्हिटी वॅक्स फवारायचं, ते सांध्यासांध्यांत शिरतं. पाणी निचरायची भोकं बुजू देऊ नका. सांध्यांवरची रबरी टोपणं (बूट), ब्रेकचे पाइप आणि सायलेन्सर झाकूनच फवारा मारायला सांगा.

लोअर आर्मच्या बाबतीत मुलाचं बरोबर आहे. पावडर कोटिंगमध्ये रंगाची कोरडी पूड फवारून १८० ते २०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात, त्यामुळे सांध्यांतले रबरी बुश आणि बॉल जॉइंट आधी काढावेच लागतात. परत बसवताना ते नवेच घाला, तेवढा खर्च धरून चाला. शॉट ब्लास्टिंग (बारीक छऱ्यांच्या माऱ्याने गंज काढणं) झालं की त्याच दिवशी झिंक प्रायमर बसला पाहिजे. खाऱ्या हवेत उघडं लोखंड रात्रभर राहिलं तर सकाळी तांबूस दिसायला लागतं. बोल्ट जिथे टेकतो त्या जागा टेप लावून कोऱ्या ठेवायला बजावून सांगा. तिथे पावडरचा थर राहिला तर तो पुढे दबतो आणि कसलेला बोल्ट ढिला पडतो. खडीने टवका उडाला तर लगेच टचअप करा, नाहीतर पाणी कडेने आत सरकत जातं आणि पापुद्रा सुटतो.

स्प्रिंगांबाबत मी अतिशय आग्रहाने सांगते: अ‍ॅसिडच्या टाकीत घालू देऊ नका, झिंकचं प्लेटिंगही (विजेने चढवलेला जस्ताचा मुलामा) नको. इतक्या कडक पोलादात त्या प्रक्रियेतला हायड्रोजन शिरतो आणि वरून धडधाकट दिसणारी स्प्रिंग वजनाखाली अचानक मोडते. खालचा वेढा, जिथे ती बैठकीवर बसते, तिथे वाळू साठून रंग घासला जातो. तो भाग हाताने चाचपून बघा. खड्डे लागले तर दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा बदला, रंगरंगोटीत पैसे घालू नका. गुळगुळीत असतील तर साफ करून इपॉक्सी पुरे. पाट्यांच्या मधे कोणतंही कोटिंग टिकत नाही, घासून जातं. बाहेरून पातळ हात द्या.

आणि हे सगळं करण्याआधी मासळीच्या पेट्यांखाली उंच काठाचा ट्रे बसवून त्याला गाडीबाहेर जाणारी नळी काढा. खारं पाणी चासीवर ठिबकत राहिलं, तर महागातलं महाग कोटिंगही लवकर हार मानेल.