वाचकांचे प्रश्न : चौकोन बंद का होत नाही?

प्रश्न : २८बीवायजे-४८ जातीच्या दोन स्टेपर मोटर (ठरावीक बारीक टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने, फिरणाऱ्या) आणि त्यांना वीज पुरवणारे यूएलएन२००३ बोर्ड वापरून पेन धरणारी दोनचाकी गाडी केली आहे. आर्डुइनो उनो या छोट्या नियंत्रक बोर्डावर प्रोग्राम चढवला की मोटर नुसती थरथरते, फिरत नाही. मोटर खराब आहे का? (इयत्ता नववी, सांगली)

बहुधा नाही. पिनांचा क्रम चुकलेला असतो. बोर्डाची इन-१ ते इन-४ ही टोके ८, ९, १०, ११ या पिनांना जोडली असतील, तर आर्डुइनोच्या स्टेपर लायब्ररीत (मोटर चालवणाऱ्या तयार प्रोग्राममध्ये) त्या ८, १०, ९, ११ अशा लिहाव्या लागतात. खात्री करायची तर एकेक स्टेप देऊन मध्ये अर्धा सेकंद थांबा आणि बोर्डावरचे चार दिवे बघा. दर वेळी शेजारशेजारचे दोन दिवे (पहिला-चौथा ही जोडीही शेजारचीच धरा) लागले पाहिजेत. पहिला आणि तिसरा एकदम लागत असतील तर एकाच गुंडाळीच्या दोन विरुद्ध टोकांना वीज जाते, दोघांचा जोर एकमेकांना मारतो आणि मोटर जागच्या जागी कुरकुरते.

क्रम बरोबर असेल तर वेग बघा. ही मोटर ५ व्होल्टवर मिनिटाला १५ फेऱ्यांच्या आसपासच दम धरते. ६० लिहिलेत तर थरथरणारच. दोन्ही मोटर मिळून ३०० ते ४०० मिलिअँपिअर ओढतात, तेव्हा ती वीज आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनेतून घेऊ नका. वेगळा ५ व्होल्टचा चार्जर लावा आणि त्याची ऋण तार आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडा. ही एक तार राहिली की मोटर वेड्यासारखी वागते आणि माणूस दोन दिवस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो.

प्रश्न : गाडी चालते, पण १० सेंटीमीटरचा चौकोन काढायला सांगितला तर शेवटची रेघ सुरुवातीच्या टोकाला येऊन मिळत नाही. (नाशिक)

यात तीन-चार चुका एकत्र असतात, आणि एकेक सोडवली तरच कळतात.

पहिली चूक आकड्याची. सगळे एका फेरीला २०४८ स्टेप धरतात. पण आतल्या गिअरचे प्रमाण पुरते ६४ नसून सुमारे ६३.६८ आहे, म्हणून खरा आकडा साधारण २०३८ येतो. फरक अर्धा टक्का. प्रत्येक कोपऱ्यात गाडी ०.४५ अंश जास्त वळते, चार कोपऱ्यांत जवळजवळ १.८ अंश.

दुसरी आणि मोठी चूक दोन चाकांमधल्या अंतराची. टायर रुंद असेल तर तो कागदाला नेमका कुठे टेकतो हे पट्टीने मोजता येत नाही. ११० मिलिमीटरमध्ये १ मिलिमीटर चुकला तरी दर काटकोनाला ०.८ अंश जातात. म्हणून पट्टी सोडा. गाडीला जागेवर १० पूर्ण फेऱ्या मारायला सांगा आणि शेवटी ती किती पुढे गेली ते कोनमापकाने मोजा. ३६०० ऐवजी ३६३६ अंश फिरली, तर ११० ला ३६०० ने गुणून ३६३६ ने भागा : १०८.९. हेच खरे अंतर. आधी प्रोग्राममध्ये २०४८ च्या जागी २०३८ लिहा, मगच ही चाचणी घ्या.

तिसरी गोष्ट कोपऱ्यात भिंगातून बघा. तिथे बारीक आकडी किंवा वळसा उमटला असेल तर पेन दोन चाकांच्या बरोबर मध्यावर नाही. हे प्रोग्रामने सुधारायच्या फंदात पडू नका, पेनचा पकडा सरकवा.

शिवाय गिअरमध्ये ढिलाई असते. चाक उलट फिरू लागले की पहिल्या काही स्टेप दात भिडण्यातच जातात. चाकावर खडूची खूण करा, दिशा उलटवा, खूण हलेपर्यंतच्या स्टेप मोजा आणि दिशा बदलताना तेवढ्या जादा द्या.

प्रश्न : नेमा-१७ स्टेपर मोटर आणि ए४९८८ ड्रायव्हरवर (मोटरला वीज देणाऱ्या छोट्या बोर्डावर) एक्सवाय प्लॉटर, म्हणजे पेन आडवे-उभे सरकवून चित्र काढणारे यंत्र, बांधला आहे. अर्धे चित्र नीट येते, मग पुढचे सगळे ५-६ मिलिमीटर बाजूला सरकते. (पुणे)

मोटरच्या दांड्यावर आणि पुलीवर एकच सरळ रेघ मार्करने ओढा. चित्र सरकल्यावर दोन्ही रेघा जुळत नसतील तर पुलीचा बारीक स्क्रू ढिला आहे. तो दांड्याच्या सपाट बाजूवर घट्ट बसवा. जुळत असतील, तर आधी पट्ट्याचा ताण बघा. तो ठीक असेल तर स्टेप चुकतात.

मग ड्रायव्हरवरचा करंट तपासा. बोर्डावरच्या छोट्या रेझिस्टरवर आर१०० लिहिले असेल तर ०.८ अँपिअरसाठी संदर्भ व्होल्टेज (करंटची मर्यादा ठरवणारे) ०.६४ व्होल्ट ठेवा, आर०५० असेल तर ०.३२. कमी असेल तर जोर पुरत नाही. फार असेल तर चिप तापून मध्येच क्षणभर बंद पडते. अर्ध्या चित्रानंतरच बिघडते, त्यावरून उष्णतेचा संशय जास्त. चिपवर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) चिकटवा, छोटा पंखा लावा. तरीही सरकले तर प्रवेग निम्मा करून पाहा.

आणि वीज चालू असताना मोटरची तार कधीही उपसू नका. ड्रायव्हर तिथल्या तिथे जळतो.