वाचकांचे प्रश्न : गावात प्रकट मुलाखत भरवायची तर

लेखक-विचारवंतांच्या प्रकट मुलाखतींबद्दल किनारपट्टीवरून आलेल्या पत्रांपैकी पाच या अंकात घेतली आहेत. मालवणच्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण मुलाखत फसते ती बहुतेक वेळा तयारीतच.

आमच्या वाचनालयात दरवर्षी व्याख्यान होतं. यंदा त्याऐवजी एखाद्या विचारवंताची मुलाखत ठेवावी असं कार्यकारिणीत चाललं आहे. तारीख कोणती धरावी? तयारी कधीपासून करावी? (देवगड)

आधी मुलाखत घेणारं माणूस शोधा, मग तारीख. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून व्याख्यान ऐकणं आपल्या अंगवळणी पडलं आहे. वक्ता बरा असला की व्याख्यान निभावून जातं. मुलाखतीचं तसं नाही. पाहुण्याची पुस्तकं खरोखर वाचलेलं कुणी पंचक्रोशीत नसेल, तर यंदाही व्याख्यानच ठेवा. त्यात काही कमीपणा नाही.

जून ते सप्टेंबर सोडूनच द्या. पत्र्यावर सर कोसळली की माईकवरचंही ऐकू येत नाही, आणि पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्याही सावकाश धावतात. एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे आंब्याची काढणी आणि पेट्या भरणं, त्यामुळे संध्याकाळी मोकळं कोण असणार? कार्तिकापासून जत्रा लागतात. आजूबाजूच्या गावांच्या तिथ्या आधी विचारून घ्या, कारण जवळ कुठे दशावतार असेल त्या दिवशी सभागृह रिकामं राहील. उरतो डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी. वेळ ठरवताना एसटी डेपोत जाऊन वस्तीच्या गाड्यांच्या वेळा लिहून आणा आणि तिथून उलटं मोजत या. मुलाखत तासभर, श्रोत्यांचे प्रश्न पंचवीस मिनिटं, स्वागत-आभार मिळून पाच मिनिटं. दीप प्रज्वलन आणि सत्कारांत अर्धा तास गेला, तर तो श्रोत्यांच्या प्रश्नांतूनच कापला जातो.

पाहुण्यांना तीन महिने आधी पत्र पाठवा. त्यात मानधनाचा आकडा, प्रवास, मुक्काम, मुलाखत कोण घेणार आणि चित्रीकरण होणार का, हे सगळं लिहा. मानधनाचं संकोचानं मोघम ठेवलं जातं. तसं करू नका, लिहिणाऱ्याचं पोट त्यावर असतं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशीच तिकीट काढा. रात्रभर प्रवास करून कोकणकन्येनं उतरलेल्या पाहुण्यांना सकाळी गावदर्शनाला नेऊ नका, झोपू द्या. उघड्यावर कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून घ्यावी लागते, आणि रात्री दहानंतर तो बंद. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर तहसील कार्यालयातही आधी विचारून घ्या.

मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. मासेमारी आणि किनाऱ्याचं राजकारण यावर लिहिणाऱ्या एका अभ्यासकांची मुलाखत माझ्याकडे आली आहे. काढलेले प्रश्न चाळीस झाले. यातलं काय ठेवू? (मालवण)

बाई, चाळीसातले अकरा ठेवा. एका चांगल्या उत्तराला पाच-सहा मिनिटं लागतात, म्हणजे तासात दहा-अकराच बसतात. त्यातले चार मुख्य धरा, जे काहीही झालं तरी विचारायचेच. बाकीचे ओघात आले तर आले.

कुठले ठेवायचे हे वाचनावरून ठरेल. पाहुण्यांची निदान दोन पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, अलीकडचे लेखही वाचा, आणि जिथे अडलात किंवा पटलं नाही तिथला पान क्रमांक टिपून ठेवा. चांगले प्रश्न याच जागांतून निघतात. मग एका कागदावर विषयाचा कालपट मांडा. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत अधिकार राज्याचा, त्यापुढे केंद्राचा. ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्यानं पर्ससीन जाळ्यांवर, म्हणजे माशांचा थवा घेरून तळाशी आवळल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, निर्बंध घातले. २०१७ मध्ये केंद्रानं एलईडी दिव्यांच्या उजेडानं मासे खेचून करायच्या मासेमारीवर बंदी आणली. एवढं समोर असलं की पाहुण्यांच्या बोलण्यात सालाची चूक झाली तरी तुम्ही अदबीनं सावरून घेऊ शकता.

आता प्रश्नाची बांधणी. समजा तुमच्या यादीत असं आहे: "पर्ससीन, एलईडी, पारंपरिक मच्छीमारांच्या समस्या आणि शासनाची उदासीनता याबद्दल आपण काय सांगाल?" यात चार विषय आहेत आणि उत्तरही आधीच देऊन टाकलं आहे. पाहुणे यातलं सोपं तेवढं उचलतील आणि वीस मिनिटं बोलतील. तोच प्रश्न असा विचारा: "२०१६ चे निर्बंध कागदावर आहेत, तरी रापणवाले म्हणतात बांगडा जाळ्यात येत नाही. नियम अपुरा आहे की अंमलबजावणी?" (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं पारंपरिक जाळं.) यात विषय एक, तपशील ठोस, आणि पाहुण्यांना बाजू घ्यावीच लागते. पाठोपाठ विचारायचं तयार ठेवा: "अंमलबजावणी म्हणालात, तर गस्तीनौका कुणाची, आणि १२ मैलांपलीकडे तिचा अधिकार काय?" प्रश्न वीस सेकंदांत संपला पाहिजे. घरी मोठ्यानं वाचून घड्याळ लावून पाहा.

बालपणापासून सुरुवात करू नका. पहिल्या दहा मिनिटांत श्रोते ठरवतात की ऐकायचं की मागे जाऊन गप्पा मारायच्या. त्यांच्या रोजच्या ओळखीच्या गोष्टीवरून सुरू करा, चरित्र मध्ये कुठे तरी येऊ द्या. सभागृहात दांडी, वायरी या मालवणच्या किनारी वस्त्यांतली माणसं असतील तर एखादा प्रश्न मालवणीतून जरूर विचारा. पाहुण्यांना मात्र ते आधी सांगा. आधी फोन करायचाच आहे: विषय सांगा, प्रश्न सांगू नका. प्रश्न सांगितले की उत्तरं पाठ होऊन येतात.

मंचावर वही नको, पोस्टकार्डाएवढे कागद घ्या. पाहुणे थांबले की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, मनात तीन आकडे मोजा. पुष्कळदा खरं उत्तर त्या थांबण्यानंतर येतं. मान हलवा, पण माईकमध्ये "हो, हो" करू नका. पाहुणे थांबतच नसतील तर त्यांचा श्वास घ्यायचा क्षण धरा आणि त्यांचाच शेवटचा शब्द उचलून वळवा.

श्रोत्यांच्या प्रश्नांच्या वेळी भाषणं सुरू होतात. विषय रिफायनरीसारखा असेल तर भांडणच. काय करावं? (राजापूर)

माईक कुणाच्याही हातात देऊ नका. स्वयंसेवकानं तो स्वतः धरून प्रश्नकर्त्यासमोर न्यायचा आणि प्रश्न झाला की मागे घ्यायचा. निम्मी भाषणं एवढ्यानंच थांबतात.

चिठ्ठ्या वाटाव्यात, चाळिसाव्या मिनिटाला गोळा कराव्यात, सारखे प्रश्न एकत्र करावेत. उठून बोलायला कचरणाऱ्या बायका आणि मुलं चिठ्ठीवर नेमकं लिहितात, हा मोठा फायदा. पण सगळंच चिठ्ठीवर ठेवलं तर "आमचा प्रश्न गाळला" असा संशय येतो आणि तो रास्त असतो. म्हणून तीन-चार प्रश्न थेट घ्या, त्यातला पहिला एखाद्या बाईंचा किंवा विद्यार्थ्याचा.

तापलेल्या विषयात दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या गोष्टी आधी वाचून दाखवाव्यात: नाणारच्या रिफायनरीसाठीची जमिनीची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, बारसूत रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणावरून आंदोलन एप्रिल २०२३ मध्ये झालं, कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत आहेत आणि त्यात बारसूही आहे. मग पाहुण्यांना विचारा, "तुमच्या विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा कोणता?" याचं उत्तर प्रामाणिक आलं की सभागृह निवळतं. टाळाटाळ झाली तर तीही लोकांना दिसते. पाहुणे एका बाजूचे असतील तर दुसऱ्या बाजूच्यांना पुढच्या महिन्यात बोलवा आणि तसं त्याच दिवशी जाहीर करा.

देवळाच्या सभामंडपात आवाज घुमतो, मध्येच शिट्टी वाजते. (गुहागर)

चिऱ्याच्या भिंती, लाद्या आणि पत्रा, तिन्ही आवाज परत फेकतात. जमिनीवर सतरंज्या घाला, मागच्या भिंतीला जाड पडदे किंवा गोधड्या टांगा. पुढे दोन मोठे स्पीकर कर्कश लावण्यापेक्षा चार छोटे दोन्ही बाजूंना, कमी आवाजात लावा. शिट्टी येते ती स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरल्यानं. म्हणून स्पीकर माईकच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे. कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, पदर किंवा मंगळसूत्र घासणार नाही असा लावावा. मंचावर टेबलफॅन असेल तर त्याचा वारा माईकमध्ये घोंगावतो, तो बंद करा. सेल नवे घाला, एक हातातला माईक जवळ ठेवा. वीज जाणारच असं धरून १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अॅम्प्लिफायर भाड्यानं घ्या.

मुलाखत यूट्यूबवर टाकायला पाहुण्यांची वेगळी परवानगी लागते का? (अलिबाग)

घ्या, आणि लेखी घ्या. कॉपीराइट कायद्यात व्याख्यान देणाऱ्यालाही कलाकाराचे हक्क आहेत. संपूर्ण चित्रफीत टाकणार की तुकडे, हे त्या कागदावर स्पष्ट असू द्या. राजकीय विषयावरचं दोन मिनिटांचं तुटक बोलणं पाहुण्यांना महागात पडू शकतं, म्हणून तुकडा टाकायच्या आधी त्यांना दाखवा. प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांचे चेहरे टिपणार असाल तर दारावर तसा फलक लावा, आणि ज्यांना नको त्यांच्यासाठी कॅमेऱ्याच्या मागच्या रांगा मोकळ्या ठेवा.