हळवा बटाटा: परसबागेतली लागवड आणि घरातली साठवण

नमस्कार. परसबागेत हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या बटाट्याची लागवड करणाऱ्या अनेकांनी प्रश्न पाठवले आहेत. कुणाच्या झाडांना पाला भरपूर, पण खाली कंद लिंबाहून लहान. कुणाचे बटाटे जमिनीतच हिरवे पडले. सर्वांत जास्त तक्रार मात्र साठवणीची आहे: काढणी छान झाली, पण दीड-दोन महिन्यांतच कोंब फुटले, साल सुरकुतली, काही बटाटे सडले. आधी साठवणीचेच सांगतो, कारण त्याचे उत्तर लागवडीपर्यंत मागे जाते.

हळवा वाण मुळात लवकर खाण्यासाठी आहे. कुफरी चंद्रमुखी, कुफरी पुखराज यांसारखे वाण साधारण 70 ते 90 दिवसांत काढणीला येतात. गरव्या, म्हणजे उशिरा तयार होणाऱ्या वाणांना 110 ते 120 दिवस किंवा त्याहून जास्त लागतात. एवढ्या कमी दिवसांत आणि पाला हिरवा असतानाच काढलेल्या कंदाची साल पातळ असते, ती अंगठ्याने चोळली तरी सुटते. शिवाय बऱ्याच हळव्या वाणांची सुप्तावस्था, म्हणजे काढणीनंतर कोंब न फुटता राहण्याचा काळ, आखूड असते. म्हणून माझा आग्रह असा की लागवड करतानाच पिकाचे दोन भाग ठरवा. एका भागातले बटाटे कोवळे काढून आठवडाभरात खाऊन संपवायचे. दुसरा भाग साठवणीचा. त्याला जमिनीतच साल पक्की करायला वेळ द्यायचा. दोन्ही भाग एकाच दिवशी उपटले, तर साठवणीची आशा ठेवू नका.

आता बेण्याचे, म्हणजे लावायच्या कंदांचे. बाजारातून खायला आणलेले बटाटे लावू नयेत. त्यांत विषाणूजन्य रोग असू शकतात, आणि कोंब येऊ नयेत म्हणून त्यांच्यावर औषध मारलेले असण्याचीही शक्यता असते. प्रमाणित बेणे घ्या. कोंबडीच्या अंड्याएवढा, 40 ते 50 ग्रॅमचा अखंड कंद सर्वांत चांगला. लागवडीच्या तीन-चार आठवडे आधी बेणे एका थरात, डोळ्यांची बाजू वर करून, थंड आणि उजेडाच्या जागी मांडा. उजेड हवा, पण थेट ऊन नको. अशा जागी कोंब आखूड, जाड आणि हिरवट किंवा जांभळट येतात. अंधारात येणारे पांढरे लांबट कोंब लावताना हात लागला की मोडतात. हळव्या वाणात ही तयारी करावीच असे मी सांगेन, कारण कोंब आलेले बेणे लवकर उगवते आणि या पिकात प्रत्येक आठवडा मोलाचा असतो.

मोठे कंद कापायचे असतील तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवा आणि सुरी अधूनमधून निर्जंतुक करा. फोडी सावलीत, हवेशीर पण किंचित दमट जागी दोन-तीन दिवस ठेवल्या की कापलेल्या भागावर पापुद्रा धरतो. जमीन ओली आणि थंड असेल तर कापूच नका, अखंड कंद लावा.

लागवडीची वेळ महिन्यावर न ठरवता तापमानावर ठरवा. कंद धरण्यासाठी जमिनीचे तापमान 15 ते 20 अंश सेल्सिअस आणि थंड रात्री लागतात. रात्रीचा पारा 20 अंशांच्या वर राहू लागला की कंद धरणे मंदावते, आणि जमीन 30 अंशांच्या आसपास तापली की जवळजवळ थांबते. झाड तरीही वाढत राहते. पाला भरपूर आणि बटाटे नाहीत, या तक्रारीचे एक कारण हेच आहे.

दुसरे कारण नत्र, म्हणजे नायट्रोजन. परसबागेत प्रेमापोटी शेणखत आणि युरिया जास्त पडतो. नत्र जादा झाले की झाड पाल्यातच रमते आणि कंद धरणे पुढे ढकलते. गरव्या वाणाला ते भरून काढायला वेळ मिळतो, हळव्याला मिळत नाही. चांगले कुजलेले कंपोस्ट लागवडीआधी मातीत मिसळा, ताजे शेण नको. सामू (pH) 5 ते 6.5 असलेली भुसभुशीत, निचऱ्याची माती या पिकाला मानवते. चुना किंवा चुलीतली राख बटाट्याच्या वाफ्यात टाकू नका. त्याने सामू वाढतो आणि साल खरबरीत करणारा खपली रोग बळावतो. टोमॅटो, वांगी, मिरची ही बटाट्याची भाऊबंदच. ज्या वाफ्यात ती होती, तिथे तीन वर्षे तरी बटाटा घेऊ नये.

दोन ओळींत 50 ते 60 सेंटीमीटर, दोन झाडांत 20 ते 25 सेंटीमीटर अंतर ठेवा आणि बेणे 8 ते 10 सेंटीमीटर खोल लावा.

बटाटे हिरवे का पडतात, हे विचारणाऱ्यांनी मातीची भर लावण्याकडे, म्हणजे झाडाच्या बुंध्याशी माती चढवण्याकडे लक्ष द्यावे. बटाटा हे मूळ नाही, जमिनीखालच्या खोडाच्या टोकाला आलेली फुगवटी आहे. म्हणून उजेड लागला की त्यात हरितद्रव्य तयार होते आणि सोबत सोलानिनसारखी विषारी द्रव्येही वाढतात. झाडे 15 ते 20 सेंटीमीटरची झाली की पहिली भर लावा, दोन-तीन आठवड्यांनी दुसरी. त्यानंतर मुळांजवळ खुरपे घालू नका. हळव्या वाणात कंद लवकर धरतात, उशिरा केलेल्या खणाखणीत ते तुटतात. पिशवीत किंवा पिंपात लावून माती चढवत नेली की थरावर थर बटाटे येतील, असा समज पसरलेला आहे. हळव्या वाणात सहसा तसे होत नाही. त्याचे कंद थोड्या दिवसांत, साधारण एकाच थरात धरतात. पिंप भरायला लागणारी माती तुम्ही दुसऱ्या वाफ्याला वापरा.

भर लावण्याचा आणखी एक फायदा साठवणीत दिसतो. बटाट्यावरची पाकोळी उघड्या पडलेल्या कंदांच्या डोळ्यांजवळ अंडी घालते आणि अळी आत शिरून कंद पोखरते. घरात आणलेल्या बटाट्यांत ही कीड वाढतच राहते. त्यामुळे भेगा पडलेली माती बुजवा. काढलेले बटाटे रात्रभर वाफ्यात सोडू नका आणि त्यांच्यावर बटाट्याचाच पाला झाकू नका.

पाणी वाफसा टिकेल असे, म्हणजे माती ओलसर राहील पण चिखल होणार नाही असे, थोडे थोडे आणि नियमित द्या. कंद धरताना ताण पडला तर संख्या घटते. ताणानंतर एकदम भरपूर पाणी मिळाले तर कंदांना भेगा पडतात, गाठी येतात, कधी आतून पोकळी राहते. पाणी सकाळी, बुंध्याशी द्या. पाने ओली राहिली आणि हवा थंड असली की उशिरा येणारा करपा झपाट्याने पसरतो. 1845 पासून आयर्लंडमध्ये जो भीषण दुष्काळ पडला, त्याच्या मुळाशी हाच रोग होता. हळवा वाण पुष्कळदा करप्याच्या आधीच हाती येतो, हा त्याचा मोठा गुण. तरी पानांवर ओलसर काळपट डाग आणि खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली, तर पाला लगेच कापून बागेबाहेर न्या आणि कंद दोन आठवडे जमिनीतच राहू द्या. रोगट पाल्याखालून लगेच काढलेले बटाटे साठवणीत हमखास सडतात.

फुले आली की बटाटे तयार, हे गणित सर्व वाणांना लागू नाही. काही वाण फुलतच नाहीत. दिवस मोजा आणि एका झाडाशेजारची माती हाताने उकरून पाहा. फुलांनंतर हिरव्या टोमॅटोसारखी फळे लागली तर ती तोडून टाका, ती विषारी असतात. घरात लहान मुले असतील तर हे विसरू नका.

साठवणीच्या भागाचे पाणी काढणीआधी दहा-बारा दिवस तोडा. पाला पिवळा पडू लागला की जमिनीलगत कापा आणि त्यानंतर 10 ते 15 दिवस थांबा. या दिवसांत साल पक्की होते. अंगठ्याने जोर देऊन घासा, साल सुटली नाही तर काढा. कोरड्या दिवशी, कुदळ झाडापासून लांब ठेवून खणा. बटाटे धुऊ नका. तास-दोन तास सुकले की सुटी माती हाताने झटका. कापलेले, खरचटलेले आणि हिरवे बटाटे वेगळे करा. त्यातले कापलेले व खरचटलेले आधी वापरा. हिरवा भाग खोलवर कापून टाका. फार हिरवा किंवा कडू लागणारा बटाटा फेकून द्या, कारण उकळल्याने ते विष जात नाही.

राहिलेले चांगले बटाटे दहा-पंधरा दिवस 10 ते 18 अंशांच्या आसपास, अंधाऱ्या, हवेशीर आणि थोड्या दमट जागी पसरून ठेवा. लहानसहान जखमा या काळात भरून येतात. ही पायरी गाळली जाते आणि मग सडण्याला वाणाची चूक मानली जाते. नंतर गोणपाट, टोपली किंवा छिद्रांचा क्रेट वापरा, प्लास्टिकची बंद पिशवी कधीच नाही. थर उथळ ठेवा, आठवड्यातून एकदा बटाटे तपासा आणि सडका दिसला की लगेच बाहेर काढा.

तापमान 4 ते 10 अंश मिळाले तर हळवा बटाटाही काही महिने टिकतो. घरात 20 अंशांच्या वर असेल तर दीड-दोन महिन्यांचाच हिशेब धरा. फ्रिजमध्ये ठेवू का, असे अनेक जण विचारतात. 4 अंशांखाली बटाट्यातला स्टार्च साखरेत बदलतो, त्यामुळे चव गोडसर होते आणि तळताना बटाटा लवकर काळा पडतो. तसा झालाच असेल तर दोन-तीन आठवडे 15 ते 20 अंशांत ठेवा, साखर बरीच कमी होते. कांदे शेजारी नकोत. कांद्याला कोरडी हवा लागते, बटाट्याला दमट, आणि एका जागेत दोघांपैकी एकाचे नुकसान ठरलेले.

घरचेच बेणे ठेवायचे असेल तर काढणीच्या वेळी निवडत बसू नका. पीक उभे असतानाच निरोगी, जोमदार झाडांना काठी लावून खूण करा आणि त्यांचेच मध्यम कंद ठेवा. पाने गुंडाळलेली, चट्टेपट्टे पडलेली किंवा खुजी राहिलेली झाडे विषाणूग्रस्त असू शकतात. त्यांचे कंद बहुधा लहान निघतात, आणि लहान कंद बेण्याला म्हणून बाजूला ठेवण्याची सवय असल्याने रोग पुढच्या हंगामात जातो. निवडलेले बेणेही दोन-तीन हंगामांनंतर बदलून नवे प्रमाणित बेणे आणा.