टॉप-अप घेण्याआधी कंपनीची पॉलिसी वाच

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला, कंपनीच्या विमा कार्डाचा फोटोही पाहिला. ‘पाच लाखांचं कव्हर आहे, त्यावर टॉप-अप घेऊ का?’ एवढंच तू विचारलंस. टॉप-अप म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचं बिल भरणारी जादा पॉलिसी. घे. पण कुठला घ्यायचा आणि त्यातून काय मिळणार नाही, हे एका ओळीत सांगता येत नाही. विमा कंपनीच्या क्लेम खात्यात अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या बिलांवर लाल पेन चालवलं. पैसे कुठे अडकतात ते मला माहीत आहे, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी एक काम कर. कार्ड बाजूला ठेव आणि तुमच्या एचआरकडून ग्रुप पॉलिसीच्या अटींची प्रत मागून घे. कार्डावर फक्त आकडा असतो, त्या आकड्याला लागणारी कात्री अटींमध्ये असते. एचआरवाले बहुतेक वेळा दोन पानांचं रंगीत माहितीपत्रक पाठवतात. ते नको. ‘पॉलिसी वर्डिंग’ आणि कंपनीसाठी केलेल्या खास अटींचं पान, अशा दोन्ही गोष्टी माग.

त्यात सगळ्यात आधी खोलीभाड्याची ओळ शोध. समज, तिथे लिहिलंय की खोलीचं भाडं दिवसाला विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे तुझ्यासाठी ५,००० रुपये. ऐन वेळी हॉस्पिटलात ८,००० ची खोलीच रिकामी असते. माणूस म्हणतो, वरचे तीन हजार माझे मी भरीन, त्यात काय! इथेच फसगत होते. तू पाच दिवस राहिलीस तर खोलीचे १५,००० तुझ्या खिशातून जातातच, पण खोलीच्या दर्जानुसार बदलणाऱ्या बाकीच्या खर्चालाही ८,००० पैकी ५,००० हेच प्रमाण लागतं. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिट मिळून २,४०,००० झाले असतील तर त्याचे पाच अष्टमांश, म्हणजे १,५०,००० मंजूर. ९०,००० उडाले. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेल्या वस्तूंना ही प्रमाणशीर कपात लावायची नाही असा नियामकाचा, म्हणजे इर्डाईचा, नियम आहे. आयसीयूच्या खर्चालाही ती लागत नाही. आणि ज्या हॉस्पिटलात खोलीनुसार दर बदलतच नाहीत तिथे ती लावताच येत नाही. हे लक्षात ठेव, कारण क्लेम खात्यातल्या नव्या पोराकडून कधीकधी सरसकट कात्री चालते आणि कोणी विचारत नाही म्हणून ती तशीच राहते. तर त्या औषध-तपासण्यांचे १,४०,००० पूर्ण मिळाले असं धर. हातमोजे, मास्क, फॉर्मच्या फिया वगैरे दहा हजारांचा किरकोळ माल मंजूर होत नाही. एकूण बिल ४,३०,०००, हाती आले ३,१५,०००. पाच लाखांचं कव्हर असताना १,१५,००० तुझ्या खिशातून!

आता सांग, तू अगदी पंचवीस लाखांचा टॉप-अप घेतलास तरी तो इथे काय करेल? काहीही नाही. बिल पाच लाखांच्या आत आहे, त्यामुळे त्याचं दारच उघडत नाही. माझ्या टेबलावर असे कितीतरी लोक येऊन बसायचे, हातात दोन-दोन पॉलिसी आणि चेहऱ्यावर गोंधळ. त्यांचा विमा कमी नव्हता, पण छपराला भोक पूर्वेला होतं आणि ताडपत्री त्यांनी पश्चिमेला टाकली होती.

म्हणून मूळ पॉलिसीत कात्री कुठेकुठे आहे ते आधी पाहा. खोलीभाडं झालं. मग को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला अमुक टक्का तू भरायचा. आई-बाबांना कंपनीच्या पॉलिसीत घातलं असेल तर त्यांच्यापुरता को-पे वेगळा असू शकतो, तो शोध. मोतीबिंदू, हर्निया, गुडघे अशांना वेगळी कमाल मर्यादा असते. यांतल्या काही गोष्टी कंपनी थोडा जास्त हप्ता भरून सुधारून घेऊ शकते, आणि कर्मचाऱ्यांनी मिळून मागितलं तर एचआर ऐकतंही. ग्रुप पॉलिसी दर वर्षी नव्याने ठरते. नूतनीकरणाच्या दोन महिने आधी खोलीभाड्याची मर्यादा काढून टाकायची मागणी लावून धरा. टॉप-अपपेक्षा त्यातून जास्त पदरात पडेल.

आता टॉप-अप. यात दोन जाती आहेत आणि नावातल्या एका शब्दाचा फरक आहे. साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबल, म्हणजे तो पाच लाखांचा उंबरठा, प्रत्येक ॲडमिशनला वेगळा मोजतात. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराचा सगळा खर्च एकत्र करून मोजतात. हे मी लोकांना तोंडपाठ समजावून सांगायचो आणि स्वतःच्या घरी मात्र साधा टॉप-अप घेऊन बसलो होतो, का तर हप्ता थोडा स्वस्त. तुझ्या काकूला एका वर्षात दोनदा ॲडमिट करावं लागलं. पहिल्या खेपेला साडेतीन लाख, चार महिन्यांनी चार लाख. मूळ पॉलिसीने पाच दिले आणि ती संपली. उरलेले अडीच लाख टॉप-अपकडे मागायला गेलो तर दोन्ही बिलं वेगवेगळी पाहिली गेली, एकही पाचाच्या वर नाही, क्लेम शून्य. नामंजुरीचं पत्र मी दोनदा वाचलं. चूक शोधत होतो, सापडली नाही. मी त्या खुर्चीत असतो तर मीही तेच लिहिलं असतं. सुपर टॉप-अप असता तर अडीचच्या अडीच मिळाले असते. तेव्हा अर्जावर ‘सुपर’ हा शब्द दिसल्याशिवाय सही करू नकोस, आणि दिसला तरी ‘डिडक्टिबल वर्षाला एकत्रित’ असं अटींत लिहिलंय का ते पाहा.

सुपर टॉप-अप घेतलास तरी तो मूळ पॉलिसीला नीट बसवावा लागतो. तारखांचं बघ. तुमच्या कंपनीची पॉलिसी एप्रिल ते मार्च चालते असं तू म्हणालीस. तू सुपर टॉप-अप ऑगस्टमध्ये सुरू केलास आणि पुढे कधी जूनमध्ये चार लाखांचं व ऑक्टोबरमध्ये चार लाखांचं बिल झालं, तर कंपनीच्या पॉलिसीचं वर्ष एकच असल्याने ती पाचावर थांबेल. टॉप-अपच्या लेखी मात्र जून जुन्या वर्षात गेला आणि ऑक्टोबर नव्या वर्षात. दोन्ही वर्षांत पाच लाख ओलांडले नाहीत. मधले तीन लाख तुझे. हे टाळायला टॉप-अप एप्रिलच्या सुरुवातीलाच चालू कर. फारच साधी गोष्ट, पण एजंट सांगत नाही, कारण त्याला या महिन्याचं टार्गेट असतं.

दुसरं, कंपनीने खर्च वाचवायला कव्हर पाचाचं तीन केलं तर तुझा उंबरठा पाचावरच उभा राहील आणि मधल्या दोन लाखांचा खड्डा पडेल. म्हणून उंबरठा मूळ कव्हरइतका किंवा त्याच्या आत ठेव, वर कधीच नको. हप्ता कमी व्हावा म्हणून दहा लाखांचा उंबरठा घेणारे लोक मी पाहिलेत. ज्यांच्याकडे पाच लाख बाजूला काढलेले होते त्यांचं भागलं.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे नोकरी. कंपनीचं कव्हर तुझं नाही, तुझ्या खुर्चीचं आहे. राजीनाम्यानंतर शेवटचा दिवस संपला की बहुतेक ठिकाणी तेही संपतं. मग सुपर टॉप-अप हातात राहतो, पण पहिल्या पाच लाखांना आधार कोण देणार? म्हणून माझं मत विचारशील तर स्वतःच्या नावाची, लहान का होईना, एक मूळ पॉलिसी आत्ताच घे आणि तिच्यावर सुपर टॉप-अप ठेव. कंपनीचं कव्हर असताना ती वापरावी लागणार नाही आणि ‘हप्ता फुकट गेला’ असं तुला दर वर्षी वाटेल. वाटू दे. त्या वर्षांत तिच्या प्रतीक्षाकाळांची घड्याळं चालू असतात. सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. आधीपासूनच्या आजारांची प्रतीक्षा २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येते. सलग ६० महिने पूर्ण झाले की सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर ‘तुम्ही माहिती लपवली’ म्हणून विमा कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. हे सगळं निरोगी असताना चालून गेलेलं बरं. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय नियमांत आहे, पण ती नोकरी सोडायच्या धावपळीत आठवणीने मागावी लागते. तिच्या भरवशावर बसू नकोस.

अर्ज स्वतः भर. थायरॉइडची गोळी घेतेस ना, ती लिही. कॉलेजात असताना झालेलं अपेंडिक्सचं ऑपरेशनही लिही. ‘एवढ्याशासाठी कशाला, हप्ता वाढेल’ असं म्हणणारा माणूस क्लेमच्या दिवशी फोन उचलत नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘के/सी/ओ हायपोथायरॉइडिझम, पाच वर्षांपासून’ (म्हणजे थायरॉइडचा आजार आधीपासून माहीत असलेला रुग्ण) अशी एक ओळ डॉक्टर सहज लिहून जातात, आणि आमच्याकडे फाइल आली की पहिली नजर त्याच ओळीवर जायची.

तुझ्या एजंटने टॉप-अपशिवाय सुचवलेल्या दोन गोष्टींचंही थोडक्यात सांगतो. हॉस्पिटल कॅश, म्हणजे दिवसाला ठरलेली रक्कम, तुला नको. चार दिवसांचे आठ हजार मिळून तुझं काही अडलेलं सुटणार नाही. क्रिटिकल इलनेस वेगळी चीज आहे. कॅन्सर, हार्ट ॲटॅक, पक्षाघात अशा यादीतल्या आजाराचं निदान झालं की एकरकमी पैसे मिळतात, बिल कितीही असो. पगार बंद पडला तर घर चालवायला ते उपयोगी. पण त्यातल्या व्याख्या फार काटेकोर असतात, सुरुवातीची प्रतीक्षा सहसा ९० दिवसांची असते आणि निदानानंतर ठरावीक दिवस हयात असण्याची अटही असते. तुझ्यावर कोणी अवलंबून असेल तेव्हा घे. त्याआधी अपघात विमा घे, तो स्वस्त आहे.

क्लेमची वेळ आली तर दोन्ही विमा कंपन्यांना पहिल्याच दिवशी कळव, बिल पाचाच्या आत राहील असं वाटत असलं तरी. सुपर टॉप-अपवाल्यांना वर्षभराचा हिशोब लागतो, आणि छोट्या बिलाचे कागद आठ महिन्यांनी शोधताना घर उलथंपालथं होतं. पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर, बिलांच्या साक्षांकित प्रती आणि डिस्चार्ज समरी, या तीन गोष्टींशिवाय दुसरी कंपनी पुढे सरकत नाही. आता पहिल्या कंपनीने दुसरीशी बोलून उरलेल्या रकमेचं जुळवून द्यावं असं २०२४ च्या परिपत्रकात आहे. तरी कागदांचा आपला संच आपल्याकडे असू दे. विमा कंपनीने दाद दिली नाही तर ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी विमा लोकपालांकडे नेता येतात. तिथे वकील लागत नाही, फी नाही.

हप्त्याचं म्हणशील तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. कोणी जुन्या दराने कोटेशन पाठवलं तर परत पाठव. आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची करवजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. तू नव्या पद्धतीत आहेस, त्यामुळे ‘टॅक्स वाचेल’ हे एजंटचं वाक्य तुझ्यापुरतं खोडून टाक.

पॉलिसी हातात आली की ३० दिवसांत परत करता येते. तो महिना वाया घालवू नकोस. रविवारी निवांत बसून अटी वाच, अडेल तिथे पेन्सिलने खूण कर आणि त्या पानांचे फोटो मला पाठव. एचआरकडून ग्रुप पॉलिसीची प्रत या आठवड्यात आली तर खोलीभाड्याचं पान आधी पाठव. चष्म्याचा नंबर वाढलाय, तेव्हा फोटो सरळ आणि उजेडात काढ.

तुझा,
काका